कोशातला किडा, हलरचा कोंडा आणि पाऊण एकराची बोडी

पहाटे साडेपाचला मामांचा फोन आला तेव्हा मी नागपुरात होते. "पोरी, मासोऱ्या वर येऊन तोंड मारून रायल्या. कतले त उलटे पडून रायले." श्रावणाची झड लागून चार दिवस झाले होते, सूर्याचं तोंड कोणी पाहिलं नव्हतं. मी विचारलं, काल खाद्य किती टाकलं? "रोजच्याइतकंच," मामा म्हणाले.

खाद्य ताबडतोब बंद करा, मोटर लावून बोडीचंच, म्हणजे त्या लहान तळ्याचंच, पाणी उंचावरून बोडीत पाडा आणि तोवर पळसाच्या फांद्यांनी पाणी झोडपा, एवढं सांगून मी बस पकडली. लाइन नव्हती. शेजाऱ्यांचं डिझेल इंजिन मागून आणेपर्यंत सात वाजले. मी साकोलीहून गावात पोचले तेव्हा उरलेले मासे खाली गेले होते आणि पारीवर, म्हणजे तळ्याच्या बांधावर, दोन टोपल्या मेलेले कतले आणि थोडे रोहू पडले होते. मामी त्यांच्याकडे न बघता खाद्याचं पोतं उचलून घरामागे नेत होती. ते खाद्य माझ्या सांगण्यावरून बनलं होतं.

त्या दोन टोपल्यांपर्यंत आम्ही कसे पोचलो आणि पुढच्या हंगामात काय बदललं, ते इथे सविस्तर मांडते. गावात मिळणाऱ्या वस्तूंपासून माशांचं खाद्य बनवायचं, हा सल्ला आता सगळीकडे दिला जातो. मीही तो दिला होता, आणि आजही देते. फक्त तेव्हा मी वस्तूंची नावं सांगितली होती. त्या वस्तूंचं खाद्य कसं होतं, ते सांगितलं नव्हतं.

बोडी आणि तिचे मालक

भंडारा-गोंदियाकडे शेताच्या वरच्या अंगाला पार घालून अडवलेल्या लहान तळ्याला बोडी म्हणतात. मोठे तलाव गोंड राजांच्या काळात, कोहळी लोकांच्या हाताने झाले, पुढे ते मालगुजारांकडे गेले आणि मालगुजारी संपल्यावर माजी मालगुजारी, म्हणजे मामा तलाव झाले. बोडी हे त्याच कुळातलं धाकटं भावंड. धानाला शेवटचं पाणी देणं हे तिचं पहिलं काम. मासे त्यानंतर.

माझे मामा ढिवर. गावच्या मच्छीमार संस्थेचे सभासद आहेत आणि स्वतःच्या धानाच्या बांद्यांना (खाचरांना) लागून त्यांची ही पाऊण एकराची बोडी आहे. तिच्यात आदल्या भाद्रपदात रोहू, कतला आणि मृगलची 1500 बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडली होती. उन्हाळ्यात कमरेएवढं पाणी टिकलं, मासेही टिकले, पण वाढले नाहीत. मृगाच्या तोंडावर जाळं टाकून पाहिलं तर सरासरी मासा 300 ग्रॅमच्या आसपास भरला.

कंपनीचं तरंगतं खाद्य मामांनी एकदाच आणलं होतं. रोहू-कतल्यासारख्या कार्प माशांसाठी मिळणाऱ्या अशा गोळीत साधारण 28 टक्के प्रथिनं असतात, ती पाण्यात विरघळत नाही, मासे किती खातात ते डोळ्यांनी दिसतं. माल चांगला असतो. पण पोत्याचा भाव आणि बाजारात रोहूला मिळणारा भाव यांचा मेळ बसेना, कारण आमच्याकडच्या बाजारात बर्फातला आंध्राचा रोहू येतो आणि भाव तोच ठरवतो. मामांनी विचारलं, आपल्याकडे एवढा कोंडा, एवढी पेंड पडलेली असताना हे विकत कशाला?

प्रश्न बरोबर होता. रोहू, कतला, मृगल हे मांसाहारी मासे नाहीत. कतला वरच्या थरातले सूक्ष्म प्राणी गाळून खातो, रोहू मधल्या थरातलं शेवाळ आणि पाण्यातल्या दगड-काड्यांवरचा थर खरवडतो, मृगल तळाचा गाळ चाळतो. त्यांना वाढायला खाद्यात साधारण 25 ते 30 टक्के प्रथिनं पुरतात आणि समुद्रातल्या माशांची भुकटी त्यांच्यासाठी अनिवार्य नाही. शिवाय मातीच्या बोडीत अर्धं जेवण पाणीच देतं. कोळंबीची, मरळची गोष्ट वेगळी. पण ज्या भागात भात गिरण्या आहेत, जवसाचे घाणे आहेत, तिथे कार्प माशांना बाहेरून गोळी आणावीच लागते असं नाही.

प्यूपाचा, म्हणजे रेशमाच्या कोशातल्या किड्याचा, विचार मामीचा. आमच्याकडे ढिवरांची घरं मासेमारीबरोबर कोसाही, म्हणजे टसर रेशीमही, पाळतात. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर अळ्या सोडायच्या, पाखरांपासून राखायच्या, कोसे उतरवायचे. धागा काढल्यावर कोशाच्या आत जो तपकिरी किडा उरतो, तो धागा काढण्याच्या केंद्रामागच्या खड्ड्यात जातो. मामी म्हणाली, "ते किडे फेकूनच देतेत. कोंबड्या तुटून पडतेत त्याच्यावर. मंग मासोऱ्या काऊन नाही खाणार?"

मला तिचा अभिमान वाटला, कारण पुस्तक तेच सांगतं. रेशमाच्या वाळलेल्या प्यूपात निम्म्याहून थोडी जास्त प्रथिनं आणि जवळजवळ पाव भाग तेल असतं. जपानमध्ये आणि चीनमध्ये तो पिढ्यान्‌पिढ्या माशांना घातला गेला आहे. मी फोनवरच कागद-पेन्सिल घ्यायला सांगितलं आणि 100 किलोचा हिशोब लिहून दिला: कोंडा 50, सोयाबीनची पेंड 25, जवसाची पेंड 10, सुकवलेले प्यूपे 10, चिकटपणाला शिजवलेली कणी 3, खनिज मिश्रण 2. कोंड्याची 12 टक्के, सोयाबीन पेंडीची 46, जवस पेंडीची 30, प्यूपाची 55 अशी प्रथिनं धरली तर मिश्रणात 26 टक्क्यांच्या आसपास बसतात. माशांच्या एकूण वजनाच्या 2 टक्के रोज द्या, असंही सांगितलं. 1200 मासे जगले धरले, 300 ग्रॅमचे, म्हणजे 360 किलो. त्याचे 2 टक्के म्हणजे सात किलोच्या जरा वर.

कागदावर यात चूक नव्हती.

पारीवर बसून केलेली तपासणी

मामांचं म्हणणं एकच होतं: किड्यांनी विषबाधा केली. शेजारच्या काकांचंही तेच. मी दोन कतले आणि एक रोहू कापून पाहिले. आतडी रिकामी होती. ज्यांनी खाल्लंच नव्हतं, ते खाण्याने कसे मरतील? मग आम्ही लांब बांबूने खाद्य टाकायच्या जागेचा तळ ढवळला. बुडबुड्यांचा लोंढा वर आला आणि सडक्या अंड्याचा वास सुटला. बांबूच्या टोकाला काळा, लोण्यासारखा गाळ लागला होता आणि त्यात न विरलेले खाद्याचे गोळे होते. मग मी हात पाण्यात घातला. मनगट बुडण्याआधीच बोटं दिसेनाशी झाली. कोपरापर्यंत हात बुडल्यावर तळवा नुकताच दिसेनासा व्हावा, तर पाणी ठीक. इथे हिरवं पाणी रंग कालवल्यासारखं दाट होतं.

घटना कशी घडली, हे मग स्पष्ट झालं. न खाल्लेलं खाद्य तळाशी सडत होतं आणि सडताना पाण्यातला प्राणवायू ओढत होतं. त्याच्याच खतावर शेवाळ दाट झालं. उन्हाच्या दिवसात हे शेवाळ प्राणवायू तयार करतं, म्हणून आधीचे दोन महिने काही बिघडलं नाही. आभाळ भरून आलं तसं तयार होणं थांबलं, ओढणं मात्र रात्रभर चालू राहिलं. पहाटे पाण्यातला प्राणवायू सगळ्यांत कमी असतो आणि त्याचा त्रास कतल्याला आधी होतो. त्यातच ढगाळ दिवसात माशांची भूक मेलेली असते आणि मामा शेतावर जायच्या आधी, सहाच्या सुमाराला, रोजचे सात किलो टाकत होते. 2 टक्के हा आकडा मी दिला होता. तो मापाचा वरचा काठ आहे, रोज भरायचं माप नव्हे, हे सांगितलं नव्हतं.

पण मासे खात का नव्हते, हा प्रश्न उरलाच होता. त्याचं उत्तर मामीने घरामागे नेऊन ठेवलेल्या पोत्यात मिळालं.

एकेक वस्तू हातात घेऊन

आधी कोंडा. मी "कोंडा" म्हटलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर शेलर गिरणीचा, म्हणजे तूस आधीच वेगळं काढणाऱ्या गिरणीचा, मऊ, तेलकट कोंडा होता. मामांनी आणला तो गावातल्या हलरचा, धान सडायच्या साध्या यंत्राचा. हलरमध्ये तूस आणि कोंडा एकत्रच निघतो. मूठभर घेऊन बादलीतल्या पाण्यात टाकला तर वर तुसाची साय धरली. तूस म्हणजे वाळू आणि काष्ठ, मासा ते पचवू शकत नाही. अशा कोंड्यात प्रथिनं सांगितल्याच्या जवळपास निम्मीच. म्हणजे पोत्यातला अर्धा माल सुरुवातीपासूनच तळाला जाण्यासाठी चालला होता. आता आम्ही पहिलं काम हेच करतो: गिरणीतच बादली मागून मूठभर कोंडा पाण्यात टाकायचा.

कोंड्याचा दुसरा दोष वासाचा. तांदूळ पांढरा केला की कोंड्यातलं तेल आणि त्याला फोडणारा घटक एकत्र येतात, आणि काही तासांतच तेल खवट व्हायला लागतं. पंधरा दिवसांचं पोतं पावसाळ्यात नाकाला लावलं तर कळतं. उकड्या तांदळाच्या गिरणीचा कोंडा जास्त टिकतो, कारण धान उकडताना तो घटक मरतो. तेल काढून घेतलेला कोंडाही टिकतो, पण त्यातली ताकदही तेलाबरोबर गेलेली असते. आमच्या बाजूला उकड्याच्या गिरण्या आहेत, तेव्हा दहा किलोमीटर जास्त जाऊन कोंडा तिथूनच आणायचा, हे मामांना पटायला वेळ लागला नाही.

सोयाबीनचं प्रकरण माझ्या जिव्हारी लागलं. मी म्हटलं होतं "सोयाबीनची पेंड". मामांचे साडभाऊ वर्ध्याकडचे, त्यांच्याकडून सोयाबीनच आलं, आख्खं, पोतंभर, प्रेमाने. मामीने ते चक्कीवर दळून घेतलं. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारा एक घटक असतो. उष्णतेने तो मोडतो, आणि कारखान्यातल्या पेंडीला ती उष्णता मिळालेली असते. घरचं सोयाबीन वापरायचं तर ते उकडलंच पाहिजे किंवा कढईत कच्चा वास पूर्ण जाईपर्यंत भाजलंच पाहिजे. कच्चं दळलेलं पीठ म्हणजे माशाच्या पोटाला कुलूप. एका शब्दाचा फरक होता आणि त्या शब्दावर मी जोर दिला नव्हता.

आणि मग ते किडे. पोत्यात हात घालून मी मूठभर प्यूपे काढले. वरून कोरडे, हाताला काहीच लागत नव्हतं. एक मोडायला गेले तर तो मोडलाच नाही, वाकला. आत पिवळसर, चिकट, आणि वास जुन्या जवसाच्या तेलाच्या डब्यासारखा, घशात बसणारा. पूर्ण वाळलेला प्यूपा चिमटीत कट्कन तुटतो आणि आतून भुसभुशीत निघतो. मामीने पावसाच्या उघडिपीत पत्र्यावर पसरून जमेल तेवढे वाळवले होते. मी फोनवर "सुकवलेले" एवढंच म्हटलं होतं.

प्यूपाचं तेल जवसाच्या तेलाच्या जातीचं असतं, हवेने चटकन बिघडणारं. बिघडलेलं तेल मासा आधी टाळतो आणि भुकेने खाल्लंच तर त्याच्या अंगातलं ई जीवनसत्त्व संपत जातं. जपानमध्ये खवट प्यूपावर वाढवलेल्या कार्प माशांची पाठ खंगून सुरीसारखी व्हायची. त्या रोगाला तिथे "सेकोके" म्हणतात, आणि ई जीवनसत्त्वाने तो टळतो हेही तिथेच कळलं. आमचे मासे तिथवर पोचले नव्हते, पण रस्ता तोच होता.

यावर माझा पहिला उपाय होता तेल काढून टाकण्याचा. तेल काढलेला प्यूपा टिकतो आणि त्यातल्या प्रथिनांचं प्रमाणही चढतं. आम्ही जवसाच्या लाकडी घाण्यावर गेलो. घाणीवाल्या काकांनी पिशवी उघडली, वास घेतला आणि हात जोडले. "मॅडम, राग मानू नका जी. एकदा हा वास घाणीत गेला का माझं जवसाचं तेल कोणी नेणार नाही." त्यांचं खरं होतं. तो मार्ग तिथेच संपला.

केंद्रातल्या काकूंनी सांगितलेलं

मग मी मामीबरोबर धागा काढण्याच्या केंद्रात गेले. माझ्या शिक्षणात नसलेली गोष्ट तिथल्या एका वयस्कर काकूंनी सांगितली. त्या मांडीवर धागा ओढत होत्या. मी विचारलं, सगळे किडे सारखेच वास मारतात का? त्या म्हणाल्या, "नाही जी. दिवाळीनंतरच्या नव्या कोशातला किडा गोड वास देते. आता पावसाळ्यात उकलून रायलो ते गेल्या सालचे कोसे. त्यातला किडा आतल्या आत जुना झालेला रायते."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. कोसे उतरवल्यावर आतला जीव उष्णतेने मारून, वाळवून साठवतात आणि वर्षभर लागतील तसे उकळून उकलतात. म्हणजे आषाढात आमच्या हाती आलेला प्यूपा केंद्रातून बाहेर पडायच्या आधीच सात-आठ महिने जुना होता. मामीने कितीही चांगला वाळवला असता तरी तो खवटच निघाला असता. मामीचा दोष तिथेच पुसला गेला, आणि मी तिला तसं सगळ्यांसमोर सांगितलं.

काकूंनी आणखी एक सांगितलं: कोसे धुण्याच्या सोड्यात उकळतात, तेव्हा किडे तीन पाण्यांनी धुतल्याशिवाय वापरू नका, आणि त्याला चिकटलेले धागे काढा. कोंबड्यांच्या गळ्यात अडकताना त्यांनी पाहिले होते.

पुढची पद्धत मात्र पूर्णपणे मामीची. मी वाळवण्याच्या जाळ्या, भट्टी असं काय काय बोलत होते. ती म्हणाली, मासळी वाळवायची ती उन्हाळ्यात, पावसाळ्यात ताजी रांधायची. किडेही ताजेच रांधू. केंद्रात ज्या दिवशी नवे कोसे उकळतात, त्या दिवशी दुपारी किडे आणायचे. ते उकळलेलेच असतात. धुवायचे, उखळात कुटायचे, कणीच्या रटरटत्या पेजेत टाकून एक कढ आणायचा, मग त्यात कोंडा, पेंड आणि खनिज मिश्रण मळून गोळे करायचे आणि त्याच संध्याकाळी व दुसऱ्या सकाळी संपवायचे. साठवण नाही, तर खवटपणाही नाही. ज्या दिवशी किडे नाहीत, त्या दिवशी फक्त कोंडा आणि पेंड. काही दिवस जास्त प्रथिनांचं, काही दिवस कमी प्रथिनांचं असं आलटून पालटून दिलं तरी कार्प मासे वाढीत मागे पडत नाहीत, असे प्रयोग आपल्या देशात झालेले आहेत. मामीला ते ठाऊक नव्हतं, पण तिच्या स्वयंपाकघराचा क्रम तोच होता.

एक हिशोब मात्र तिच्यासमोर मांडावा लागला. एका टसर कोशातला प्यूपा ओला आठेक ग्रॅम, वाळला तर दोनच्या आसपास. हजार कोशांमागे दोन किलो कोरडा माल. रोजच्या सात किलो खाद्यात दहावा हिस्सा म्हणजे 700 ग्रॅम, तर 100 दिवसांना 70 किलो, म्हणजे 35,000 कोसे. एका पाऊण एकराला! गावात अशा वीस-पंचवीस बोड्या आहेत. तेव्हा प्यूपा हा चटणीसारखा, मुख्य प्रथिन पेंडीचंच, हे पहिल्याच दिवशी ठरलं. शिवाय प्यूपाच्या 55 टक्क्यांत काही वाटा त्याच्या कवचाचा असतो, जो तपासणीत प्रथिन म्हणून मोजला जातो पण माशाच्या अंगी तसा लागत नाही. मी आता प्यूपाचं प्रथिन हिशोबात थोडं कमीच धरते.

जे नाकारलं

शेजारच्या काकांनी मोहाची पेंड सुचवली. मुबलक, स्वस्त, गावातलीच. इथे मी ठामपणे नाही म्हटलं. मोहाच्या पेंडीतल्या सॅपोनिन नावाच्या विषाने माशाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. तळ्यातले शिकारी आणि नको असलेले मासे मारायला हेक्टरी 2000 ते 2500 किलो पेंड टाकतात. बीज सोडायच्या तीन आठवडे आधी टाकायची, विष ओसरल्यावर तीच खत होते. तिची जागा तीच, गोळ्यात नाही. झिंग्याला मात्र या विषाची बाधा माशाच्या मानाने फारच कमी होते. म्हणूनच किनाऱ्यावरच्या कोळंबी तलावांत चहाच्या बियांची पेंड टाकून नको असलेले मासे मारतात आणि कोळंबी जगते.

सरकीच्या पेंडीबद्दल यवतमाळकडच्या नातेवाइकांचा आग्रह होता. तिच्यात गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं, ते साठत जातं, आणि आमच्याकडे मिळणारी पेंड टरफलासकटची असल्याने तिच्यात काष्ठच जास्त. जनावरांना ठेवा, म्हटलं.

अझोला, म्हणजे पाण्यावर तरंगणारं बारीक नेचं, आम्ही ठेवला, पण त्याच्याकडून अपेक्षा बेताची. 100 किलो ओल्या अझोल्यात 93 किलोच्या वर पाणीच असतं. कोरडा माल सहा-सात किलो आणि त्यातलं प्रथिन दीड किलोच्या आतबाहेर. विदर्भाच्या वैशाखात सावली नसेल तर तो पिवळा पडून जातो. गवत्या माशाला (ग्रास कार्पला) तो हिरवा चारा म्हणून उत्तम. मुख्य खाद्य म्हणून त्याची जाहिरात करणाऱ्यांनी हे पाणी वजा करून सांगावं, असं मला वाटतं.

दुसरा हंगाम

बोडीवर आधी पंधरा दिवस काहीच टाकलं नाही. तळाचा गाळ ढवळून चुना दिला, पाणी कोपरापर्यंत साफ व्हायची वाट पाहिली. मग खाद्याची वेळ बदलली: सकाळी दहा आणि दुपारी चार, ऊन पडल्यावर. आभाळ भरलेलं असेल तर नाही. रोहूला जठर नसतं, तो एका वेळी पोटभर साठवून ठेवू शकत नाही, थोडं थोडं दिवसभर खातो. म्हणून आंध्राच्या तलावांत करतात तसं आम्ही खताच्या रिकाम्या पोत्यांना खाली भोकं पाडली आणि बांबूला बांधून पाण्यात सोडली. मासे पोत्याला टोचून टोचून खातात. गोळे हाताने फेकले की निम्मे तळाला जायचे, पोत्यात राहतात. दोन तासांनी पोतं उचलायचं, रिकामं तर उद्या तेवढंच, उरलं तर उद्या कमी. सात किलोचा आकडा मामांनी सोडून दिला. आता पोतंच आकडा सांगतं.

डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत, पाणी गार झाल्यावर, मासे जवळजवळ खातच नाहीत. नेमके त्याच सुमाराला नव्या कोशातले सगळ्यांत चांगले किडे मिळतात. हा एक तिढा आहे आणि आम्हाला तो पूर्ण सुटलेला नाही. दिवाळी ते मार्गशीर्ष एवढीच खरी जोडीची वेळ. त्यानंतरचे किडे मामी थंडीच्या कोरड्या उन्हात खरोखरच कट्कन तुटेपर्यंत वाळवते, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवते आणि होळीच्या आत संपवते. त्यानंतरचे घेत नाही, फुकट मिळाले तरी.

एकदा बाजारात एक गिऱ्हाईक परतलं. मासा ताजा होता, पण शिजवताना उग्र वास आला म्हणे. मामीने पैसे परत केले आणि मला फोन केला. प्यूपाचा वास मांसात उतरतो, तीन आठवडे आधी तो बंद करायला हवा होता, आणि हे मला आठवण करून द्यायचं राहिलं होतं. आता जाळं टाकायच्या तारखेवरून मागे मोजून किडे बंद होतात.

वाढ कशी झाली? जाळ्यातला रोहू पाठीला रुंद होता, खाली मृगलही भरला, आणि पहिल्या वर्षी पारीवर पडलेल्या कतल्याची जागा नव्या बोटुकलीने भरली. मी या एका बोडीवरून एकरी उत्पन्नाचा आकडा देणार नाही, कारण त्या वर्षी पाणीही चांगलं होतं आणि खाद्याबरोबर आम्ही वेळ, पोती, चुना असं सगळंच बदललं होतं. माझ्या मते सगळ्यांत मोठा फरक पोत्यांनी पाडला. किड्यांचा क्रम त्यानंतरचा.

मच्छीमार संस्थेच्या काही सभासदांनी विचारलं, हेच गोळे मोठ्या झिंग्याला चालतील का? नाही चालणार. झिंगा तळावर बसून कुरतडत खातो, त्याचं खाद्य काही तास पाण्यात न विरघळता टिकावं लागतं आणि त्यात प्राणिज भाग जास्त लागतो. पेजेचा गोळा त्याच्या तोंडी लागायच्या आत फुटतो. बांगलादेशात झिंग्याला धानातल्या गोगलगायींचं मांस घालतात, आणि तिथे त्यापायी बिलांमधल्या, म्हणजे पाणथळ सखल भागांतल्या, गोगलगायी इतक्या उपसल्या गेल्या की तोही धोकाच झाला. आपल्या बांद्यांतल्या गोगलगायींवर तशी वेळ आणू नये, म्हणून मी तो सल्ला दिला नाही.

हिशोबातली राहिलेली ओळ

पहिल्या वर्षी खाद्याचा खर्च काढताना आम्ही कोंडा, पेंड, खनिज मिश्रण आणि डिझेल लिहिलं होतं. किडे फुकट, म्हणून समोर शून्य. दुसऱ्या वर्षी मी वही घेऊन मामीजवळ बसले आणि एका खेपेचं काम घड्याळ लावून पाहिलं: केंद्रात जाऊन येणं, तीन पाण्यांनी धुणं, धागे वेचणं, कुटणं, पेज शिजवणं, मळणं, पोती भरून बांबूपर्यंत पाण्यात उतरून बांधणं. तीन बायकांची अर्धी दुपार. त्या दिवसांत धानाच्या कापणीला जी मजुरी मिळते तिच्या हिशोबाने हे लिहिलं, तर "फुकट" प्यूपाच्या प्रथिनाचा किलो सोयाबीन पेंडीच्या प्रथिनाच्या जवळ जाऊन बसला. कोणत्याही वस्तूचा किलोचा भाव तिच्यातल्या प्रथिनाने भागून पाहावा, हे मी सगळ्यांना सांगते. पेंड 40 रुपये किलो आणि प्रथिन 40 टक्के, तर प्रथिनाचा किलो 100 रुपयांना. या भागाकारात बायकांची दुपार धरायची असते, हे मला मामीच्या वहीने शिकवलं.

मामांना ते आधी रुचलं नाही. घरचंच काम, त्याची मजुरी कसली? मामी काही बोलली नाही, फक्त पुढच्या खेपेला किडे आणायला गेली नाही. चार दिवस पोत्यांत नुसता कोंडा आणि पेंड गेली. पाचव्या दिवशी मामा स्वतः केंद्रात गेले, किडे आणले, धुवायला बसले आणि धागे वेचता वेचता दुपार गेली. संध्याकाळी त्यांनी मला फोन करून विचारलं, वहीत मजुरीची ओळ नेमकी कुठे लिहायची.

आता तिन्ही बायकांना बोडीच्या विक्रीतून, मामांच्या हिश्श्याच्या आधी, ठरलेला वाटा मिळतो. केंद्रानेही यंदापासून किड्यांना भाव लावायचं बोलून दाखवलं आहे, कारण आणखी दोन गावांतून टोपल्या घेऊन बायका येऊ लागल्या. भाव लागला तर नव्या कोशांचे किडे वेगळे आणि जुन्यांचे वेगळे तोलून द्या, एवढी एकच अट मामीने घातली आहे.